सूचना दोनदा वाचावी

६ जानेवारी, सोमवार

विषय पास झाला एकदाचा. तीन विषय नाकारून झाल्यावर चौथ्याला मॅडमनी मान हलवली. 'रेडिओवरच्या हरवलेल्या व्यक्तींच्या सूचना : वर्णनाच्या भाषेचा अभ्यास.' वीस वर्षांतल्या चारशे बारा सूचना. प्रत्येक कागदावरची माहिती आकड्यांत बदलायची, तक्त्यात भरायची आणि मग कोण कुणाचं वर्णन कसं करतं ते शोधायचं. जनसंवादाच्या दुसऱ्या वर्षात इतका सोपा प्रबंध कुणाच्या वाट्याला आला नसेल, असं वर्गात सगळ्यांना ऐकवूनही आले.

"यात तुझं काही वैयक्तिक आहे का?" मॅडमनी विचारलं. आपल्याच दुखण्यावर प्रबंध करू नये, हे त्यांचं ठाम मत. मी म्हटलं, "छे हो मॅडम, कागद आयते मिळतायत म्हणून." आणि तोंड फिरवून पाणी प्यायले.

इथे तरी खरं लिहिते. दादाला घरातून जाऊन अकरा वर्षं झाली. तो एकोणीसचा, मी बाराची. तो नापास झाल्याचं बाबांना बाहेरून कळलं, दोघांची जुंपली, बाबा म्हणाले "पुन्हा तोंड दाखवू नकोस," आणि दादानं ते मनावर घेतलं. मी आतल्या खोलीत मोठ्यानं पाढे म्हणत होते. जाताना डोकावून म्हणाला, "भोंग्या, आवाज कमी." भोंगा हे त्यानंच ठेवलेलं नाव. नंतर कुणी त्या नावानं हाक मारली नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा पन्नासला आई गॅस बारीक करते आणि कपाटावरच्या रेडिओखाली उभी राहते. दहा मिनिटं हरवलेल्यांच्या सूचना असतात. आणि रोज पाच मिनिटं आधी बाबा चपला घालून बाहेर पडतात. अकरा वर्षांत एकदाही ऐकायला थांबलेले नाहीत. माणूस आहे की दगड!

जेवताना विषय सांगितला. आई हरखली. बाबा म्हणाले, "जगातले बाकीचे विषय संपले का?" मग भात कालवता कालवता, "इतके जुने कागद ठेवतात का पण ते लोक?" म्हटलं, कपाटंच्या कपाटं भरलीयत. बाबा अर्ध्या ताटावरून उठले.

९ जानेवारी, गुरुवार

रेडिओ केंद्राचा पहिला दिवस. स्टुडिओचं दार इतकं जाड की खांदा लावून ढकलावं लागतं. सूचना वाचणारे निवेदककाका प्रत्यक्षात एवढेसे आहेत. आवाज ऐकून मला वाटायचं, दारात वाकून शिरणारा माणूस असेल. बत्तीस वर्षं हेच वाचतायत. कपाटांच्या किल्ल्याही त्यांच्याचकडे.

माझं आडनाव ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कुठे राहता?" सांगितलं. "बरं बरं," म्हणाले आणि कागद कसा वाचायचा ते समजावलं. पुढच्या बाजूला अर्जदारानं दिलेलं वर्णन. खाली कोणत्या तारखांना प्रसारित झालं ते. मागे निकाल : जिवंत सापडले, मृत सापडले, की शोध चालू. माणूस सापडला की अर्जदारानं यायचं, मग 'अमुक तारखेची सूचना रद्द समजावी' असंही वाचलं जातं. आणि काहीही असो, सूचना दोनदा वाचायची.

"दोनदा कशाला?"

"पोरी, पहिल्या वाचनाला लोकांचे फक्त कान टवकारतात. कळतं दुसऱ्या वेळी. मी एकदाच वाचून कधी उठलेलो नाही."

निघताना म्हणाले, "एका सालच्या फायली ओल लागून गेल्यात. सोडून दे ते साल." नेमकं दादाचं साल. मी वहीत साल टिपून घेतलं, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. वैयक्तिक काही नाही ना माझं!

१४ जानेवारी, मंगळवार

ओल कसली न काय. आज काका किल्ल्या टेबलावर विसरून चहाला गेले तेव्हा ते कपाट उघडलं. फायली कोरड्या ठणठणीत आहेत. म्हातारपणी विसरले असतील बिचारे. मी निमूट सगळ्या टेबलावर घेतल्या. परत आल्यावर त्यांनी बघितलं. थर्मासचं झाकण फार वेळ लावत बसले.

२१ जानेवारी, मंगळवार

दीडशे कागद झाले. एक गंमत सापडलीय. अर्जदार वडील असले की उंची, शिक्षण, कोणत्या भाषा येतात. जणू नोकरीचा अर्ज. आई असली की डागडुजी : 'फ्रॉकच्या बगलेत टाका घातलेला', 'चपलेचा अंगठा शिवलेला', 'चौथं बटण वेगळं'. मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून पुढे झाल्या. "हाच तुझा निष्कर्ष," म्हणाल्या. मी हवेत.

प्रात्यक्षिकासाठी दहा वेळा प्रत्यक्ष हवेवर वाचायचं असतं, त्याचीही सुरुवात झाली. कालची माझी पहिली सूचना. एक आजोबा, चौकटीचा शर्ट. काकांनी आधीच दम दिला होता, "गळा काढायचा नाही. रडायचं काम घरच्यांचं, आपलं काम उंची सांगायचं."

घरी आले तर आई दारातच. "चांगलं वाचलंस. 'अंदाजे'वर घाई केलीस. आणि शेवटच्या शब्दावर उगाच थांबतेस, कुणी पाहुणे येणार असल्यासारखी." बाबा? बाबा अर्थातच बाहेर. मुलगी पहिल्यांदा रेडिओवर बोलली तरी माणूस घरात नाही. आता यांच्याकडून कशाची अपेक्षा करायची नाही, असं ठरवलंय.

२७ जानेवारी, सोमवार

दोनशे सत्त्याऐंशी नंबरचा कागद दादाचा निघाला.

बाबांचं अक्षर. वय एकोणीस. उंची पाच फूट सात. सावळा. अंगात राखाडी स्वेटर, उजव्या कोपराला हिरव्या लोकरीनं रफू. खाली फक्त पाच तारखा, लागोपाठच्या. पाचच दिवस वाचली? बाकीच्यांची महिना महिना वाचलीय. बाबांनी पाठपुरावाच केला नसेल, दुसरं काय.

तरी भरला कागद. निकालाच्या रकान्यात तीन टाकला, तीन म्हणजे शोध चालू. उलटून बघितलं नाही. आमच्याच घरचा निकाल मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार?

आईला इतकंच म्हटलं की दादाचा कागद बघितला. तिनं हात पुसले. "रद्द झालेली नाही ना आपली सूचना? मी एक दिवस चुकवलेला नाही. रद्द झाली असती तर मी ऐकलं असतं. म्हणजे शोध चालू आहे." मी हो म्हटलं.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबा वर्षातून एकदा जुन्या मित्राला भेटायला जातात, तसे आज गेले. चार तासांचा प्रवास, पहाटेची गाडी. संध्याकाळी परत आले तेव्हा बुटांना नदीकाठची पांढरी माती. मित्राची चौकशी केली तर "बरा आहे" एवढंच. न जेवता झोपले. मित्रांसाठी वेळ आहे!

३ फेब्रुवारी, सोमवार

नीट लिहिते.

नियम असा की तक्ता एकटीनं भरून चालत नाही. दहा टक्के कागद दुसऱ्या कुणीतरी माझं उत्तर न बघता भरायचे आणि दोघींचं किती जुळतं ते तपासायचं. मी वर्गातल्या टापटीपला गळ घातली होती. तिची पेन्सिलसुद्धा पट्टीला समांतर ठेवलेली असते. दादाबद्दल तिला काही माहीत नाही, आडनावही तिनं बघायचं नाही म्हणून कागदावर पट्टी चिकटवलेली.

आज विभागात निकाल जुळवले. एक्केचाळीस कागद, सगळे रकाने जुळले. एकच सोडून. "दोनशे सत्त्याऐंशी," टापटीप म्हणाली, "तू तीन टाकलायस, मी दोन. दोनच आहे बरं का. तू मागची बाजू बघितली नाहीस."

दोन म्हणजे मृत सापडले.

मॅडमचा दंडक आहे, न जुळलेला कागद दोघींनी समोरासमोर बसून परत वाचायचा. टापटीपनं तो सरळ केला, मग उलटला, आणि वाचून दाखवला. "'व्यक्ती मृतावस्थेत सापडली. ओळख पटवली. रद्द-सूचना प्रसारित करू नये, ही विनंती. घरी ऐकतात.' खाली अर्जदाराची सही." बाबांची सही. सूचना सुरू झाल्यापासूनचा सहावा दिवस. दोन फेब्रुवारी.

"अगं, काय झालं?" टापटीप विचारत होती. मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे. दोनच." आणि जिन्यात जाऊन बसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज बाबांच्या मागोमाग गेले. मला वाटायचं ते लांब फिरायला जातात. कसलं काय! गल्लीच्या टोकाला शिंप्याचं बंद पडलेलं दुकान आहे, त्याच्या पायरीवर बसतात. घड्याळ हातातून काढून मांडीवर ठेवतात. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. काही सांगावं लागलं नाही.

"उलटून बघितलास?"

"बाबा, अकरा वर्षं!"

"ऑफिसात फोन आला पोलिसांचा. नदीवरून. गेलो. चेहऱ्यावरून नाही गं कळत. कोपरावरून कळलं. हिरवी लोकर तुझ्या टोपीतून उरलेली होती."

"कसा गेला?"

"पाय घसरला म्हणाले. मी पुढे विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं? तिथेच काठावर अग्नी दिला, दर वर्षी जातो ना, तिथेच."

खूप बोलायचं ठरवून आले होते.

"येतायेता तिकडे रेडिओवर लिहून आलो. म्हटलं, तिला तिऱ्हाइताकडून कळायला नको, मीच सांगेन. घरात आलो तर ही रेडिओखाली उभी. म्हणते, 'आपली आज राहिली, पण बघा, किती स्पष्ट वाचतात, आज ना उद्या सापडेलच.' म्हटलं, उद्या सांगू. मग रोजच उद्या." त्यांनी घड्याळ परत हातात बांधलं. "चल, सात वाजले. संपलं असेल."

अकरा वर्षं मी या माणसाला दगड म्हणत आले. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही रडत होतो, आणि दाराशी आल्यावर दोघांनीही डोळे पुसले. आता मीसुद्धा त्यांच्या बाजूची झाले, म्हणजे मीही आईशी खोटं वागतेय. हे मला जमणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तक्त्यात सोळा ओळी पुढे गेले, मग परत आले. तीन खोडून दोन टाकला. एकूण बेरीज बदलली.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. चारशे बारांत डागडुजी लिहिणारे वडील किती? एक.

१७ फेब्रुवारी, सोमवार

केंद्राच्या फलकावर नोटीस लागलीय. एक मार्चपासून सूचनांची दहा मिनिटं बंद. आता अर्ज येतातच किती, सगळं फोनवर फिरतं. शेवटचं प्रसारण अठ्ठावीसला. काका म्हणाले, "ते तू वाच. तुझं दहावं होईल."

घरी सांगितलं तर आई खाली बसली. "मग त्याला शोधणार कोण?" मग तिनं माझा हात धरला. "शेवटचं तू वाचणार ना? मग दादाची सूचना एकदा वाच ना गं. अकरा वर्षांत कुठल्या कुठे गेला असेल. तुझा आवाज तरी ओळखेल." बाबा दारात चपला शोधत होते. चपला पायातच होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काकांना म्हटलं, दादाची वाचली तर काय बिघडलं? आईच्या मनाला बरं वाटेल, कुणाचं काय जातंय? काका पहिल्यांदाच चिडले. "सापडलेल्या माणसाचा शोध माझ्या स्टुडिओतून जाणार नाही. त्या वेळी तुझ्या वडिलांचं ऐकून रद्द-सूचना वाचली नाही, तेच अजून खुपतंय. बत्तीस वर्षांत तेवढी एकच." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ओल लागली म्हणालो, ते तुझ्यासाठी म्हणालो गं." तो हात डोक्यावर असताना मला रडू आवरेना.

बाबांना पायरीवर जाऊन सांगितलं. म्हटलं, "अठ्ठावीसच्या आत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." बापाला असं तोडून बोलायची पहिलीच वेळ.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

पावणेसातला बाबा उठले, दारापर्यंत गेले, आणि चपला काढून परत आले. आईचा हात गॅसच्या बटणावर. "आज रेडिओ लावू नकोस," म्हणाले. मग चार वाक्यांत सगळं. नदी, फोन, कोपर, तारीख. पाचवं वाक्य "माझं चुकलं" असं सुरू झालं आणि पुढे गेलंच नाही.

मला वाटलं, आई कोसळेल. मी जवळ जाऊन उभी राहिले. तिनं गॅस बारीक केला. "झालं बोलून?" म्हणाली. "तुम्ही त्याला तोंड दाखवू नको म्हणालात. तुमचं मी का ऐकू? रद्द झाल्याचं मी ऐकलेलं नाही." आणि हात वर करून रेडिओ लावला. दहा मिनिटं आम्ही तिघं त्याच्याखाली उभे होतो. एका बाईंची आणि एका लहान मुलाची सूचना होती. दोन्ही दोनदा वाचल्या. बाबा पहिल्यांदाच शेवटपर्यंत थांबले.

नंतर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं असेल तर रेडिओवर सांगा. तोवर मला कुणी काही सांगू नका."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा एकटेच केंद्रावर आले. इस्त्रीचा शर्ट. खांदा लावून जाड दार ढकलत होते, मी आतून ओढलं. काका उठून उभे राहिले, "या" म्हणाले. रद्द-सूचनेचा अर्ज छापील असतो. बाबांनी चष्म्याशिवायच भरला. खाली शेऱ्याची जागा असते, तिथे लिहिलं : 'प्रसारित करावी, ही विनंती. घरी ऐकतात.' काकांनी शिक्का मारला, आणि तो कागद माझ्या उद्याच्या चळतीत सगळ्यात खाली ठेवला.

आई कालपासून बोलत नाही. स्वयंपाक करते, वाढते, बसून राहते. बाबा तिच्या समोर बसतात. मी मध्ये पडत नाही.

१ मार्च, शनिवार

कालचं लिहायचं राहिलं. लिहिणं शक्यच नव्हतं.

सहा पन्नास. लाल दिवा. तीन सूचना नीट वाचल्या, प्रत्येकी दोनदा. मग चौथा कागद. दादाचं नाव मी अकरा वर्षांत मोठ्यानं घेतलं नव्हतं, तेही तेव्हाच कळलं. वय एकोणीस, उंची पाच फूट सात. राखाडी स्वेटर, उजव्या कोपराला हिरव्या लोकरीनं रफू. 'ही व्यक्ती सापडली असून मृत झाल्याचं अर्जदारांनी कळवलं आहे. यापूर्वी प्रसारित केलेली सूचना रद्द समजावी.' गळा काढला नाही. काकांनी काचेपलीकडून बोट वर केलं, दुसऱ्या वाचनासाठी. मी तोंड उघडलं आणि आवाजच येईना. 'नाव'मधला 'ना' सुद्धा फुटेना. काकांनी तीन सेकंद वाट बघितली, चार, आणि माइक बंद करून वाद्यसंगीत लावलं. सात वाजले.

बत्तीस वर्षांची सेवा त्यांची, आणि शेवटची सूचना माझ्यामुळे एकदाच वाचली गेली. मी माफी मागायला लागले तर म्हणाले, "घरी जा आधी."

घरी आले. बाबांच्या चपला दारात. आई रेडिओखाली स्टुलावर बसलेली, बाबा शेजारी जमिनीवर. रेडिओ चालूच होता, काहीतरी बाजारभाव सांगत होते. आईनं मला बघितलं.

"एकदाच वाचलीस."

"हो."

"दोनदा वाचायची असते. वाच."

"आई, अगं..."

"वाच म्हणते ना. मला नीट कळलं नाही."

बॅग खांद्यावरच होती. कागद केंद्रातच राहिला होता, पण कागद लागला नाही. उभी राहिले, दादाच्या नावापासून सुरुवात केली, वय, उंची, स्वेटर, कोपर. शेवटच्या शब्दावर थांबले नाही. आई ऐकत होती, रोज ऐकते तशीच, मान जरा डावीकडे कलवून. संपल्यावर तिनं हात वर करून रेडिओ बंद केला.

मग बाबांना म्हणाली, "स्वेटर कुठाय त्याचा?"

बाबांनी वर बघितलं. "त्याच्या अंगावरच राहू दिला गं. थंडी होती."

"बरं केलंत," आई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.